कडेच्या पेशी

पाटणच्या बाजारपेठेत प्रणाली जगतापच्या बसनं एका मोटरसायकलवाल्याला आडवं केलं. गाडी माणसाच्या चालीनं चालली होती, म्हणून कोपराच्या हाडावर निभावलं. लोक जमले. कंडक्टर शबाना मुलाणी खाली उतरली, त्या माणसाला उठवून शेजारच्या मेडिकलच्या पायरीवर बसवलं आणि परत येऊन ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभी राहिली.

"तुला दिसला नाही व्हय गं तो?"

"तिथं कुणी नव्हतं," प्रणाली म्हणाली.

"अगं, तुझ्या डाव्या अंगालाच होता. मी दारातनं बघत होते. तुला दिसतोय असं समजून मी गप राहिले."

"शबाना, तिथं कुणी नव्हतं."

ती खोटं बोलत नव्हती. नव्या विजेच्या गाड्यांना बाजूला कुणी आलं की शिट्टी वाजवणारं यंत्र होतं, पण बाजारात ते अखंड वाजायचं आणि सगळे ड्रायव्हर त्याच्याकडे काणाडोळा करायला शिकले होते. प्रणालीचा भरवसा डोळ्यांवर होता. कराड-चिपळूण रस्त्यावर सात वर्षं काढलेली बाई ती. कुंभार्ली घाटात धुकं उतरलेलं असताना वळणावर समोर ट्रेलर आला तरी तिचा हात हलत नसे.

पण त्या दुपारी गाडी डेपोत लावताना तिला काही गोष्टी आठवायला लागल्या. गेले काही महिने तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागत होता. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप दोनदा लवंडला होता. शबाना डावीकडून येऊन बोलली की ती दचकायची. दमणूक असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

डेपो मॅनेजरनं तिला गाडीवरून उतरवलं आणि डोळे तपासून यायला सांगितलं.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉ. नलवडे नावाचे पन्नाशीचे, सावकाश बोलणारे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांनी तिला एका पांढऱ्या, आतून गोल घुमटासारख्या यंत्रापुढे बसवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. प्रणालीनं बटण दाबलं, दाबलं, आणि मग बराच वेळ काही चमकलंच नाही. यंत्र बिघडलं असावं असं तिला वाटलं.

यंत्र ठीक होतं. नलवड्यांनी डोळ्यात थेंब टाकून, भिंग लावून तिचा डावा डोळा बराच वेळ बघितला. मग दिवा बंद करून विचारलं, "या डोळ्याची शस्त्रक्रिया कधी झाली?"

"शस्त्रक्रिया नाही. लेझर. तीन वर्षांपूर्वी. पडद्याला बारीक छिद्र होतं."

"छिद्र आहे असं कोण म्हणालं?"

"दादाचे डॉक्टर. पुण्यातला खाजगी दवाखाना आहे. दादाच घेऊन गेला होता मला."

नलवड्यांनी दिवा पुन्हा लावला. मग त्यांनी कागद ओढला आणि डोळ्याची आकृती काढली.

"लेझरचा डाग गोल असतो, खसखशीच्या दाण्यासारखा. तुमच्या डोळ्यात तसा एकही डाग नाही. हा आहे छेद. इथून आत जाऊन कडेचा एक तुकडा काढून घेतलाय."

"कशासाठी?"

"पेशींसाठी." त्यांनी आकृतीत बाहुलीभोवतीची चकती रेखली आणि तिच्या मागे एक नागमोडी पट्टा काढला. "बेडकाचा, माशाचा डोळा आयुष्यभर वाढतो. त्यांच्या पडद्याच्या कडेला पेशींची जणू रोपवाटिकाच असते. माणसाला ती सोय नाही, असं डॉक्टर लोक फार वर्षं समजत होते. मग कळलं की या चुणीदार पट्ट्यात, काळपट पेशींच्या गर्दीत, हजारांमागं एखादी पेशी वेगळी असते. मूलपेशी. डोळ्यात असताना ती जन्मभर झोपून राहते, कारण शेजारणी तिला उठू देत नाहीत. तिला सुटी करून प्रयोगशाळेत ताटलीत ठेवली, की जागी होते. आपल्यासारख्या दुसऱ्या तयार करते. त्यांचा गोळा होतो. त्या गोळ्याला हवा तसा खुराक दिला, की त्यातून पडद्याच्या, उजेड टिपणाऱ्या पेशी मिळतात. ज्याच्या पडद्यातल्या पेशी मेल्यात, त्याच्या डोळ्यात त्या पेरायच्या."

"हे मला माहीत आहे," प्रणाली म्हणाली. "माझ्या भावाला तेच केलंय. नेत्रपेढीतून मिळाल्या होत्या त्याला. मेलेल्या माणसाच्या."

"मेलेल्या माणसाच्या डोळ्यातल्या फार थोड्या जाग्या होतात. जिवंत माणसाच्या ताज्या काढल्या तर कितीतरी जास्त. त्यातून सख्खं भावंड असेल आणि रक्त जुळलं, तर घेणाऱ्याचं शरीर त्यांना परकं मानत नाही." ते थांबले. तिचा चेहरा बघून त्यांना कळलं की आपण काय बोलून गेलो.

बाकीचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तुकडा काढलेल्या जागी व्रण झाला. व्रण आक्रसत गेला आणि त्यानं शेजारचा पडदा ओढून सुरकुतवला. जखम नाकाच्या बाजूला होती; पण डोळ्याचं भिंग चित्र उलटं पाडतं, म्हणून अंधार झाला तो बाहेरच्या, डाव्या बाजूला. उजवा डोळा नाकाच्या आडून जेवढं बघू शकतो, तेवढंच आता तिचं डावं जग होतं. अशा नजरेनं प्रवासी गाडी चालवायची परवानगी त्यांना देता येणार नव्हती.

प्रणालीनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि थेट उंब्रजची, आईवडिलांच्या गावची, गाडी पकडली.

तिच्या मोठ्या भावाला, विक्रांतला, वयाच्या पंचविशीत रातांधळेपणापासून सुरुवात झाली होती. आजार वंशातला होता, जनुकातला. पडदा कडेनं मरत मरत मध्यापर्यंत येतो. विक्रांत अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचा, आणि घरात या आजाराचं नाव मोठ्यानं घेत नसत. मग पुण्यात उपचार झाले, त्याचा उजवा डोळा उजळला, आणि त्याच हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. उपचार लागू पडल्याची बातमी आली त्या दिवशी आईनं देवापाशी त्या अनोळखी नेत्रदात्याच्या नावानं समई लावली होती. प्रणालीनं शेजारी उभं राहून हात जोडले होते.

ती घरात शिरली तेव्हा आप्पा आणि आई पडवीत उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक. गावातली निम्मी माणसं अजून त्यांना सर म्हणायची.

"माझ्या डोळ्यातून काय काढून घेतलंत?" प्रणालीनं विचारलं.

आप्पांनी काही कळलं नाही असं दाखवलं नाही. याचाच तिला नंतर जास्त राग आला. हा प्रश्न कधीतरी येणार हे धरून त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं.

"बस आधी."

"उभीच बरी आहे."

"तिळाएवढा तुकडा होता. देणाऱ्याला कळतसुद्धा नाही म्हणाले डॉक्टर."

"माझी गाडी गेली, आप्पा. एका माणसाचा हात मोडला माझ्यामुळं."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे तिला नवीन होतं. आप्पांनी घसा साफ केला.

"ते वाईट झालं. त्याचं बघू आपण. पण मला एक सांग प्रणू, तुला विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस?"

प्रणालीनं खरंच विचार केला. "नसते म्हणाले. दोन्ही डोळ्यांतून घ्या म्हणाले असते."

"मग झालं तर. तू जे दिलंच असतंस, तेच—"

"मी दिलं असतं, म्हणून तुम्ही घेतलंत? शाळेत पोरांना हेच शिकवत होतात का?"

"विचारायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं," आप्पा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात वर्गातली शिस्त आली. "लग्न ठरत होतं त्याचं. आजाराचं केतकीच्या घरी कळलं असतं तर मोडलं असतं. आणि तुझा स्वभाव आम्हाला माहीत आहे. तुझ्याच्यानं लपवलं गेलं नसतं. तू जाऊन सांगितलं असतंस."

म्हणजे तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. उलट ती खरं बोलेल याची खात्री होती म्हणून.

"आणि ते छिद्र?"

"भीती घातल्याशिवाय तू टेबलावर झोपली नसतीस."

"तीन राखीपौर्णिमा मी दादाच्या पाया पडले. त्यानं माझा डोळा वाचवला म्हणून. तो आशीर्वाद देत होता मला." ती आईकडे वळली. "तू समई लावलीस. मी हात जोडले, तू शेजारी उभी होतीस. कुणाला हात जोडत होते मी, आई?"

आई खाली बघत म्हणाली, "मी मनात तुझंच नाव घेतलं होतं गं."

"तोंडानं घ्यायचं होतंस."

ती पाणी न पिता निघाली. आईनं मागून डबा भरून आणला, तो तिनं घेतला नाही.

कराडच्या पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर शबाना गेली. तिथल्या साहेबांनी घरगुती बाब आहे, सामोपचारानं घ्या, असा सल्ला दिला. शबाना म्हणाली, "साहेब, कुणी तुमच्या घरात शिरून तुमचा टीव्ही नेला, आणि नेणारा तुमचा भाऊ निघाला, तर तक्रार घेता का नाही? हा डोळा आहे." तक्रार घेतली गेली. पुण्यातला तो दवाखाना, तिथला सर्जन, विक्रांत आणि आप्पा, अशी चार नावं त्यात होती. तिसरं आणि चौथं नाव सांगताना प्रणालीचा आवाज कापला नाही. तो तसा कापावा म्हणून साहेब दोनदा थांबले होते.

प्रणालीला डेपोत पार्सलच्या खिडकीवर बसवण्यात आलं. पेशी वाढवणारं केंद्र वेगळं आहे, पुण्यातच पाषाणच्या बाजूला, हे नलवड्यांनी शोधून दिलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मधल्या काळात नवा कायदा झाला होता. जिवंत माणसाच्या पेशी दुसऱ्याच्या शरीरात जात नाहीत तोवर त्या देणाऱ्याच्याच असतात. ठेवायच्या, द्यायच्या की नष्ट करायच्या, ते त्यानं ठरवायचं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. अरुंधती सबनीस यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आमच्याकडे गार डब्यातून पेशी येतात. सोबत संमती असते, सही असते. माणूस येत नाही."

"सही माझीच आहे. दादानं बोट ठेवलं तिथं केली. लेझरचं आहे म्हणाला."

"आम्ही तुम्हाला एक फोन करायला हवा होता," सबनीस म्हणाल्या. "केला नाही. नियमात नव्हतं म्हणून केला नाही. हे मी पोलिसांनाही सांगेन."

त्यांनी तिला आत नेलं. गाऊन, टोपी, पायात पिशव्या. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला प्रणालीनं उजवा डोळा लावला. फिकट गुलाबी पाण्यात लहान लहान गोळे तरंगत होते, काही काळसर, काही अगदी पारदर्शक, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. एका गोळ्याच्या कडेला एक पेशी दुभंगून दोन होत होती. मध्ये चिमटा घेतल्यासारखी बारीक झाली होती.

"या जिवंत आहेत?"

"तुमच्या आहेत. बहुतेक साठा गोठवलेला आहे, एवढ्या बाहेर काढल्यात." सबनीस थोड्या अडखळल्या. "तुमच्या भावाच्या डोळ्यासाठी. त्यांचा उजवा डोळा पुन्हा मंदावतोय. पहिल्या वेळी पेरलेल्या पेशी कमी पडल्या. पुढच्या आठवड्यात भर घालायची होती. मी ती थांबवली आहे."

"आणि मला यातून काही होईल?"

"होईल. व्रण सोडवून पडदा सपाट करायचा आणि मेलेल्या जागी याच पेरायच्या. तुमच्याच डोळ्यातल्या, त्यामुळे शरीर नाकारायचा प्रश्न नाही. पण भर एकालाच पुरेल. पेशी अनंत वाढत नाहीत. ठराविक वेळा दुभंगल्या की पडदा कसा व्हायचं हे त्या विसरतात. शेवटचा कामाचा साठा आहे हा. आणि तुमच्या डोळ्यातून पुन्हा तुकडा काढायला मी परवानगी देणार नाही."

"दादाला दुसरा मार्गच नाही?"

"आहे. त्यांच्या स्वतःच्या पेशी. त्यात आजाराचा दोष आहे, तो दुरुस्त करून मग वाढवायच्या. दीड-दोन वर्षं लागतात. पहिल्या भेटीतच आम्ही हाच मार्ग सुचवला होता. ते म्हणाले, एवढं थांबता येणार नाही."

प्रणालीनं भिंगापासून डोळा काढला. लग्न त्या हिवाळ्यात होतं. दीड वर्ष थांबला असता तर काठी हातात घेऊन बोहल्यावर उभं राहावं लागलं असतं, किंवा मुलीला खरं सांगावं लागलं असतं. एवढ्यासाठी.

विक्रांत तिला भेटायला कराडला आला तो रविवारच्या संध्याकाळी. गाडी वहिनीनं चालवली होती. केतकी वहिनी बँकेत होती, लग्नानंतर सगळ्यांशी जपून वागणारी. त्यांची दोन वर्षांची मुलगी उंब्रजला आजीकडे ठेवली होती. शबाना प्रणालीबरोबर त्याच खोलीत राहायची. पाहुणे आलेले बघून ती शेजारी निघाली होती, पण प्रणालीनं तिला बसायला सांगितलं.

"सबनीस मॅडम तुझ्या होकारासाठी थांबल्यात," विक्रांत म्हणाला. "मी चुकलो, प्रणाली. माफी मागतो. पण आत्ता ती वेळ नाही. मी आंधळा होईन."

"दीड-दोन वर्षं."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. "कुणी सांगितलं?"

"तुला तीन वर्षांपूर्वी ज्यांनी सांगितलं, त्यांनीच."

"दोन वर्षं म्हणजे गंमत वाटते का तुला? नोकरी जाईल माझी."

"माझी गेली."

"तुझी गेलेली नाही. खिडकीवर बसवलंय. पगार चालू आहे." मग तो समजुतीच्या सुरात बोलला, आणि तो सूर तिला लहानपणापासून ओळखीचा होता. "तू नीट विचार कर. मी पोरांना शिकवतो. तू गाडी चालवतेस. गाडी दुसरं कुणीही चालवेल."

शबाना काही बोलणार होती. प्रणालीनं हातानं तिला थांबवलं.

"दादा, तू मला मागायला आलास की समजावायला?"

"एक मिनिट," केतकी म्हणाली. ती इतका वेळ खुर्चीच्या कडेला बसून एकेकाकडे बघत होती. "तीन वर्षांपूर्वी म्हणजे? आजार लग्नानंतर सुरू झाला ना? आणि आता पेरायच्या पेशी नेत्रपेढीतल्या होत्या. तुम्ही मला तसंच सांगितलंत."

विक्रांतनं तिच्या दिशेनं मान वळवली. शेवटी प्रणालीनंच सांगितलं. सरळ, काही न गाळता. आप्पा म्हणाले होते ते खरंच होतं. तिच्याच्यानं लपवलं जात नव्हतं.

केतकीनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, तोही नवऱ्याला. "आपल्या ओवीला हा येऊ शकतो का?"

"तपासावं लागेल," विक्रांत म्हणाला. "शक्यता कमी आहे. दोन्हीकडून दोष आला तरच—"

"माझी तपासणी झाली आहे का कधी?"

"नाही."

"लग्नाआधी होऊ शकली असती?"

केतकी उठली. शबानाकडे वळून, "येते मी," म्हणाली, जिना उतरली, आणि थोड्या वेळानं खालून गाडी निघून गेल्याचा आवाज आला. ती उंब्रजला गेली, मुलीला घेतलं आणि तिथून माहेरी.

अंधारून आलं होतं. विक्रांतला संधिप्रकाशात काही दिसत नसे. तो जिन्याच्या तोंडाशी कठडा चाचपत उभा राहिला. प्रणालीनं काही वेळ तसंच उभं राहू दिलं. मग ती खाली आली, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि स्टँडकडे चालायला लागली. तिनं त्याला उजव्या बाजूला ठेवलं, कारण डाव्या बाजूचं तिला दिसत नव्हतं. वाटेत तो दोनदा काही बोलायला गेला. ती फक्त "पायरी आहे", "खड्डा आहे" एवढंच म्हणाली. साताऱ्याच्या गाडीत त्याला बसवून तिनं कंडक्टरला सांगितलं, "यांना उंब्रजला उतरवा. हात धरून उतरवा."

परत येताना ती इतकी संतापली होती की रडायला लागली, आणि रडू येतंय याचाच तिला आणखी संताप आला. त्याला चालवत नेताना तिला त्याची दया आली होती. ती दया त्यांनी सगळ्यांनी गृहीत धरली होती, तिच्या डोळ्याच्या तुकड्यासारखीच. आताही आई फोनवर तेच म्हणत होती, "तू मनानं मोठी आहेस." आप्पा म्हणत होते, "कायद्यानं तुझं असेल, पण घर कायद्यावर चालत नाही." मामा म्हणाले, "बहिणीनं भावासाठी एवढं करू नये?" त्यांच्यापैकी कुणीही विचारलं नाही, तुला काय हवंय.

शबानानं विचारलं. भांडी घासता घासता, अगदी साधं. "तुला काय पाहिजे गं?"

"मला गाडी पाहिजे."

"मग सांग की तसं."

दुसऱ्या दिवशी प्रणालीनं सबनीसांना फोन करून कळवलं की पेशी तिच्या स्वतःच्या डोळ्यात पेरायच्या.

शस्त्रक्रियेच्या आधी सबनीसांनी तिला समोर बसवून सगळे धोके एकेक करून सांगितले, तिचे प्रश्न संपेपर्यंत. त्यांनी केंद्रात नवा नियम केला होता: देणारा असो वा घेणारा, माणसाशी बोलल्याशिवाय पेशीला हात लावायचा नाही, आणि बोलताना नातेवाईक खोलीत नकोत, त्या माणसानं स्वतः मागितल्याशिवाय.

डोळा एकदम उजळला नाही. आधी डाव्या कडेला नुसती राखाडी हालचाल जाणवू लागली, पाण्याखाली काही हलावं तशी. मग रस्त्याच्या कडेची झाडं आली, झाडं आहेत एवढंच कळणारी. पावसाळा सरला तेव्हा नलवड्यांच्या पांढऱ्या घुमटात डावीकडचे बरेचसे दिवे तिला दिसले. सगळे नाही. घाटाची गाडी अजून वर्षभर तरी नाही, असं ते म्हणाले; कराड-मलकापूर फेरीची परवानगी त्यांनी दिली. पहिल्या दिवशी तिच्या गाडीवर शबानानं आपली ड्युटी मागून घेतली.

दरम्यान त्या सर्जनचा शस्त्रक्रिया करण्याचा परवाना थांबवला गेला. दवाखान्याच्या वकिलानं तडजोडीचे निरोप पाठवले. खटला उभा राहिला. विक्रांतचा डोळा सांगितल्याप्रमाणे विझत गेला आणि महाविद्यालयानं त्याला रजा दिली. केतकीची तपासणी झाली, तिच्यात दोष नव्हता. ओवीला धोका नाही हे कळलं. तरीही ती परत आली नाही. ओवीला बापाला भेटायला आठवड्यातून एकदा घेऊन यायची आणि बाहेर गाडीत बसायची.

फेरतपासणीसाठी प्रणाली पाषाणच्या केंद्रात गेली, तेव्हा बाहेरच्या बाकावर आप्पा आणि विक्रांत बसलेले होते. विक्रांतच्या हातात पांढरी काठी होती. ती त्यांच्यासमोरून आत गेली. आप्पांनी तिला बघितलं. विक्रांतला ती गेलेली कळली नाही.

तपासणी झाल्यावर सबनीस म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या स्वतःच्या डोळ्यातला तुकडा काढायचा आहे आज. आता मी त्यांना धोके सांगणार. तुम्ही आलात हे वडिलांकडून कळल्यावर ते म्हणाले, तुम्ही खोलीत असावं. तुमची इच्छा नसेल तर सरळ घरी जा."

प्रणाली बसली. विक्रांतला आणून समोरच्या खुर्चीत बसवलं. आप्पा दारातून आत येऊ लागले, तेव्हा सबनीसांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. सत्तरीच्या मुख्याध्यापकांना असं बाहेर थांबायला कुणी कधी सांगितलं नसावं.

"डोळ्याच्या कडेला छेद घेऊन पट्ट्याचा तुकडा काढणार," सबनीस सांगू लागल्या. "आत रक्तस्राव होऊ शकतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो, त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळ्याचा दाब वाढू शकतो. नंतर व्रण आक्रसून पडदा ओढला जाऊ शकतो. पडदा सुटू शकतो. हे महिन्यांनी, कधी वर्षांनीही होऊ शकतं. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी लागेल. काही डोळ्यांत एवढं करूनही पेशी जाग्या होत नाहीत, मग तुकडा वाया जातो."

विक्रांतनं काठी दोन्ही हातांनी धरली.

"इतकं सगळं होऊ शकतं?"

"बहुतेकांना यातलं काही होत नाही. पण तुम्हाला माहीत असायला हवं. घाबरला असाल तर आज नको. विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या. नाही म्हणालात तरी चालेल."

प्रणाली जिथं बसली असावी असं विक्रांतला वाटलं, त्या बाजूला त्यानं तोंड केलं. ती तिथं नव्हती, थोडी पलीकडे होती.

"तुझ्या वेळी..." तो म्हणाला.

"माझ्या वेळी तू सांगितलंस, पाच मिनिटांचं काम आहे," प्रणाली म्हणाली. "नंतर नाश्ता करू म्हणालास."

त्यानं मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यानं सही कुठं करायची ते विचारलं, आणि सबनीसांनी आधी सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

प्रणाली पर्स उचलून बाहेर आली. आप्पा बाकावरून उठले. मधल्या महिन्यांत ते वाळले होते, शर्ट खांद्यांवरून उतरत होता.

"बसलीस त्याच्याजवळ. बरं केलंस," ते म्हणाले. "प्रणू, आता डोळाही सुधारलाय तुझा. आता तरी ती तक्रार मागे घे. या वयात पिंजऱ्यात उभं करणार आहेस का मला?"

"सोमवारी तारीख आहे, आप्पा," प्रणाली म्हणाली. "तिथं तुम्हाला आधी विचारतील, मग तुम्ही बोलायचं. तुमचं ऐकून घेतल्याशिवाय कुणी काही करणार नाही."

एवढं बोलून ती जिना उतरली.